विजेच्या दुचाकीवरून दूरची नोकरी : सातारा-सांगलीचा हिशेब

पुणे-बंगळुरू महामार्गावर सकाळी साडेसहाच्या सुमारास साताऱ्यापासून पेठनाक्यापर्यंत कोठेही उभे राहिले, तरी एक दृश्य हमखास दिसते. डबा अडकवलेल्या, मागे सहकारी बसवलेल्या दुचाकींची रांग औद्योगिक वसाहतींच्या दिशेने निघालेली असते. कुणाला साताऱ्याची, कुणाला तासवड्याची, तर कुणाला पलूस किंवा कुपवाडची वसाहत गाठायची असते. साखर कारखान्यांचे कामगार, जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, बँकांचे कर्मचारी आणि मिरजेच्या रुग्णालयांतील परिचारिका याच रांगेत असतात. गावातले घर आणि शेती सोडायची नाही, पण नोकरी वीस-पंचवीस किलोमीटरवर, अशी ही व्यवस्था. बोलीभाषेत तिला ‘अप-डाऊन’ म्हणतात.

या रांगेत आता हिरव्या नंबरप्लेटच्या दुचाकी दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचा दर लिटरमागे शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून विजेवर चालणाऱ्या दुचाकीकडे ओढा वाढला, हे स्वाभाविकच आहे. तथापि, शहरातल्या आठ-दहा किलोमीटरच्या फेरीसाठी योग्य ठरणारे वाहन रोजच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासाला पुरेल काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेल्या ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ या आकड्यात मिळत नाही. वेग, रस्ता, बॅटरीचे वय आणि मुख्य म्हणजे कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय आहे की नाही, यांवर ते अवलंबून असते.

कारखाना आणि घर यांतील अंतर

कारखान्यापर्यंत कामगार कसा पोहोचणार, हा प्रश्न या भागाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा व्यवसाय १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर त्यांनी कारखाना उभारला. औंधच्या अधिपतींनी त्यासाठी जागा दिली होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. माळावर कामगार रोज येणार कोठून, या प्रश्नाला किर्लोस्करांनी दिलेले उत्तर साधे होते. कारखान्याशेजारीच घरे बांधून वसाहत वसवायची. घर कारखान्याजवळ आले आणि प्रवासाचा प्रश्न मिटला.

स्वातंत्र्यानंतरच्या औद्योगिक वसाहतींनी हा मार्ग सोडला. शेड कारखानदाराची आणि राहण्याची सोय ज्याची त्याने करावी, अशी रीत पडली. मधले अंतर कापण्याचे काम प्रथम सायकलीने आणि एसटीने केले, नंतर स्कूटरने आणि मोटारसायकलीने. या स्थित्यंतरात साताऱ्याचा स्वतःचा वाटाही आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात बजाजने पुरवलेल्या सुट्या भागांची जुळणी करून ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. गिअरच्या स्कूटरची मागणी ओसरली आणि २००० नंतरच्या दशकात हे उत्पादन थांबले.

विजेच्या दुचाकीचा पहिला प्रयत्नही त्याच दशकातला. २००६-०७ च्या सुमारास देशात विजेच्या छोट्या स्कूटर विक्रीस आल्या. त्यांत शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या असत. वेग सायकलीपेक्षा थोडाच अधिक, पल्ला मर्यादित आणि बॅटरीचे आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचे. त्यातच ग्रामीण महाराष्ट्र तेव्हा दीर्घ भारनियमन सोसत होता. रात्री वीजच नसेल तर सकाळी गाडी निघणार कशी? ती लाट ओसरली. लिथियम बॅटरीच्या वेगवान स्कूटर नंतर आल्या. एथरची ४५० ही २०१८ मध्ये, बजाजची विजेवरील ‘चेतक’ आणि टीव्हीएसची ‘आयक्यूब’ जानेवारी २०२० मध्ये, तर ओलाची ‘एस१’ ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात आली. रोज दूर जाणाऱ्यांसाठी विजेची दुचाकी हा विचार करण्याजोगा पर्याय झाला तो येथपासून.

दोन वर्ग, दोन कायदे

बाजारात ‘ई-बाईक’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वाहने विकली जातात. दूर जाणाऱ्याने हा भेद प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला वर्ग मंदगती वाहनांचा. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेली, तसेच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील इतर अटी पूर्ण करणारी दुचाकी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवाना लागत नाही. पायडल मारताना मोटार मदत करते अशी विजेची सायकलही याच जातीची. बाजारहाट, शाळा, गावातली बँक यांसाठी हे वाहन सोयीचे आहे. पंचवीस किलोमीटरला मात्र तासाहून अधिक वेळ लागतो, आणि ट्रक-बस ताशी ऐंशी किलोमीटरने धावत असलेल्या महामार्गावर असे वाहन नेणे धोक्याचे ठरते.

दुसरा वर्ग नोंदणीकृत वाहनांचा. त्यांना परवाना, विमा, हेल्मेट आणि हिरवी नंबरप्लेट हे सर्व आवश्यक आहे. खासगी वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात. सातारा (एमएच ११), कराड (एमएच ५०) आणि सांगली (एमएच १०) या कार्यालयांकडे त्यांची नोंद होते. रोजच्या दूरच्या प्रवासासाठी विचार करायचा तो याच वर्गाचा.

या दोहोंच्या मध्ये एक पळवाट आढळते. मंदगती वाहनाचे नियंत्रक यंत्र बदलून किंवा त्यातील वेगमर्यादा काढून ते पळवले जाते. असे वाहन नोंदणीविना आणि विम्याविना रस्त्यावर येते. त्याचे ब्रेक, चाके आणि बॅटरी त्या वेगासाठी बनवलेली नसतात. राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा वाहनांविरुद्ध तपासणीची मोहीम हाती घेतली होती. अपघात झाल्यास भरपाईचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

छापील पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे वीज बिलावरील एक युनिट. सर्वसाधारण कुटुंबोपयोगी विजेच्या स्कूटरमध्ये दोन ते चार युनिट वीज मावते. एका किलोमीटरला किती वीज लागते, हे प्रामुख्याने वेगावर ठरते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, पण तेथे वाटेत पंप असतात, म्हणून ते जाणवत नाही.

वाहन आणि चालक मिळून २०० किलो वजन, सपाट डांबरी रस्ता आणि वारा पडलेला, असे गृहीत धरून केलेला ढोबळ हिशेब असा :

ताशी ३० किलोमीटर : दर किलोमीटरला सुमारे १९ वॉट-तास
ताशी ४० किलोमीटर : सुमारे २६ वॉट-तास
ताशी ५० किलोमीटर : सुमारे ३४ वॉट-तास
ताशी ६० किलोमीटर : सुमारे ४५ वॉट-तास

मागे सहप्रवासी असेल, समोरून वारा असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर हे आकडे वाढतात. तरीही त्यांतून निघणारा धडा बदलत नाही. पंचवीस किलोमीटरचे अंतर ताशी ६० च्या वेगाने पंचवीस मिनिटांत आणि ५० च्या वेगाने तीस मिनिटांत कापले जाते. पाच मिनिटे उशीर पत्करला की विजेचा खर्च जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होतो. घरून पाच मिनिटे आधी निघणे हा पल्ला वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

घाटाची भीती किती खरी?

सातारा जिल्हा म्हटला की घाट आलेच. विजेची गाडी घाटात दम तोडते, असा समज आहे. मोटारीची शक्ती अगदी कमी असेल तर तो खरा ठरतो. विजेच्या खर्चापुरते पाहिले, तर घाट वाटतो तितका महाग नाही. २०० किलोचे ओझे १०० मीटर उंच चढवण्यास सुमारे ५५ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटारीतील घट धरून बॅटरीतून सुमारे ७० वॉट-तास जातात. म्हणजे शंभर मीटरचा चढ हा सपाट रस्त्यावरच्या दोन-अडीच किलोमीटरइतकाच खर्च करतो.

वाईहून पाचगणीला नोकरीस जाणाऱ्याचे उदाहरण घेता येईल. पसरणी घाटाचा चढ सुमारे साडेपाचशे ते सहाशे मीटर आणि अंतर सुमारे बारा किलोमीटर. घाटातल्या ताशी ३० च्या वेगाने जाण्यास सुमारे सहाशे वॉट-तास वीज लागेल. तीन युनिटांच्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा झाला. येताना उताराने बॅटरी फारशी खर्च होत नाही. उतारावर मोटार जनित्राचे काम करते आणि थोडी वीज परत साठवते. मात्र परत मिळणारी वीज चढाला लागलेल्या विजेचा लहान हिस्साच असते.

येथे एक सूचना महत्त्वाची. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवायला जागाच उरत नाही. अशा वेळी मोटारीचे रोधन कमी होते किंवा थांबते आणि सारा भार चाकांच्या ब्रेकवर पडतो. म्हणून घाटमाथ्यावर चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्याने बॅटरी काठोकाठ भरू नये. पावसाळ्यात पसरणी किंवा मेढ्याकडून महाबळेश्वरला जाणारा केळघर घाट धुक्यात आणि ओला असताना हे विशेष लक्षात ठेवावे.

एक पॉइंट की दोन?

आता मुख्य प्रश्न. तीन युनिटांची बॅटरी रोज शेवटच्या थेंबापर्यंत वापरणे शहाणपणाचे नाही. पंधरा टक्के वीज राखून ठेवली तर साधारण अडीच युनिट हाती उरतात. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर आली की हाती राहतात जेमतेम दोन युनिट. गाडी घेताना हिशेब करायचा तो या जुन्या बॅटरीचा, नव्या बॅटरीचा नव्हे. कारण कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत आणि त्यानंतरही तीच गाडी चालवायची असते.

दोन युनिटांत ताशी ५० च्या वेगाने सुमारे साठ किलोमीटर जाता येते, ६० च्या वेगाने सुमारे पंचेचाळीस. फक्त घरीच चार्जिंग होत असेल, तर यातच जाणे आणि येणे दोन्ही बसवावे लागते. म्हणजे नोकरी घरापासून फार तर बावीस ते तीस किलोमीटरच्या आत हवी. साताऱ्याहून कोरेगाव, कराडहून उंब्रज किंवा तासवडे, मिरजेहून जयसिंगपूर हे प्रवास या वर्तुळात आरामात बसतात. सांगली-तासगाव हे सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर काठावरचे आहे. वेग आवरला तर जमते, वाऱ्यावर सोडला तर नाही.

कामाच्या ठिकाणीही चार्जिंगची सोय असेल, तर चित्र पालटते. मग पूर्ण पल्ला एकाच दिशेच्या प्रवासाला मिळतो आणि वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते. साताऱ्याहून वाई, कराडहून पाटण ही सुमारे पस्तीस किलोमीटरची अंतरेही मग शक्य कोटीत येतात. बॅटरी मोठी न करता, पैसे अधिक न मोजता केवळ एका जादा पॉइंटने हे साधते.

साताऱ्याहून कराडला (सुमारे ५० किलोमीटर) किंवा शिरवळला (सुमारे ६० किलोमीटर) रोज दुचाकीने जाणे मात्र विजेच्याच काय, कोणत्याही दुचाकीवर शिफारस करण्याजोगे नाही. रोज दोन-अडीच तास महामार्गावरचा वारा, धूळ आणि जड वाहने सोसणे शरीराला परवडत नाही. तेथे कंपनीची बस, एसटी किंवा पुणे-मिरज लोहमार्ग हाच मुख्य आधार असायला हवा. या मार्गावरची सातारा व कराड ही स्थानके मूळ शहरांपासून पाच-सात किलोमीटरवर, माहुली आणि ओगलेवाडी येथे आहेत. घर ते स्थानक या टप्प्यासाठी मात्र साधी, कमी पल्ल्याची विजेची गाडीही पुरते.

खर्चाचे गणित

रोज पन्नास किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर धरू. लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या गाडीला पंचवीस लिटर पेट्रोल लागेल. १०५ रुपये दराने खर्च २,६२५ रुपये. विजेच्या गाडीला चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरला सुमारे ४० वॉट-तास, म्हणजे महिन्याला पन्नास युनिट लागतील. युनिटला १२ रुपये धरले तरी ६०० रुपये. फरक महिन्याला दोन हजारांचा, वर्षाला चोवीस हजारांचा. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग यांचा खर्च वाचतो तो निराळा. कंत्राटी कामगाराच्या घरात दोन हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. मुलाच्या शिकवणीची फी त्यातून निघते.

परंतु या गणिताच्या दोन दुखऱ्या बाजू आहेत. पहिली वीज बिलाच्या टप्प्यांची. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांचा त्याच्या जवळपास दुप्पट. महिन्याला नव्वद युनिट वापरणारे घर गाडीमुळे वरच्या टप्प्यात जाते. म्हणून गाडीच्या विजेचा हिशेब नेहमी वरच्या टप्प्याच्या दरानेच करावा. वर धरलेला १२ रुपयांचा दर त्यासाठीच आहे.

दुसरी बाजू बॅटरीची. वाहनातील हा सर्वांत महाग भाग. अनेक कंपन्यांची हमी ‘३ वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते’ अशा स्वरूपाची असते. शहरात रोज पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याची तीन वर्षे आधी भरतात. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याचे वर्षाला अठरा हजार किलोमीटर होतात आणि तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच हमी संपते. काही कंपन्या जादा पैसे घेऊन हमी वाढवून देतात. दूर जाणाऱ्याने ती वाढीव हमी घेणे आणि तिच्यातील किलोमीटरची अट डोळ्यांत तेल घालून वाचणे, हे रंग आणि पडद्याचा आकार पाहण्यापेक्षा अधिक मोलाचे. बचतीतला काही हिस्सा दरमहा बाजूला टाकला, तर पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च अंगावर येत नाही.

वीज कोठून घ्यावी?

कोयनेचे धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. तिथल्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. तरीही याच जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर रात्री वीज गेली की सकाळची पाळी बुडण्याची धास्ती असते, हे वास्तव आहे. पेट्रोलच्या गाडीची टाकी चार-पाच दिवसांतून एकदा भरली तरी चालते, विजेच्या गाडीला रोज रात्र लागते. वळवाच्या पावसात तारा तुटून वीज बारा तास गेली, तर कामावर खाडा होतो. म्हणून दूर जाणाऱ्याने बॅटरी अगदी रिकामी करून घरी येण्याची सवय लावू नये. उद्याच्या निम्म्या प्रवासाइतकी तरी वीज शिल्लक असावी.

गावात गावठाणाची वाहिनी आणि शेतीपंपाची वाहिनी अनेक ठिकाणी वेगळ्या आहेत. शेतीपंपाला वीज ठरावीक तासच मिळते आणि तिचा वापर शेतीव्यतिरिक्त करणे नियमबाह्य आहे. रानातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी घरगुती जोडणी घेतल्याखेरीज विजेची गाडी घेऊ नये. घरातला पॉइंट १५-१६ अँपिअरचा आणि अर्थिंग व्यवस्थित असलेला हवा. मोबाइल चार्जरच्या पॉइंटवर जोडवायर लावून रात्रभर गाडी चार्ज करणे म्हणजे आगीला निमंत्रण. २०२२ मध्ये देशभर स्कूटरना आगी लागल्याच्या घटना घडल्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षा-चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. वापरलेली गाडी घेताना ती या नियमांपूर्वीची की नंतरची, हे अवश्य विचारावे. चार्जिंग जिन्याखाली किंवा झोपण्याच्या खोलीत करू नये. उन्हातून आलेली गाडी अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या उन्हाळ्यात हे पथ्य विशेष पाळावे.

रस्ता, ऊस आणि पूर

मुख्य महामार्गापेक्षा सेवा रस्ता किंवा जुना गावरस्ता घेतला, तर वेग आपोआप चाळीस-पन्नासच्या आत राहतो. जीव आणि वीज दोन्ही वाचतात. गेल्या काही वर्षांत महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळणे आणि खड्डे झाले. अशा टप्प्यांवर रात्री जादा खबरदारी हवी.

दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत उसाचा हंगाम. सह्याद्री, कृष्णा, राजारामबापू, क्रांती, किसन वीर, अजिंक्यतारा या कारखान्यांकडे जाणारे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात. मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला परतणाऱ्या दुचाकीस्वाराचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. त्यात विजेच्या गाडीला आवाज नाही. पुढच्या पादचाऱ्याला किंवा जनावराला ती येताना कळत नाही, म्हणून हॉर्न आणि दिव्याचा वापर अधिक करावा लागतो.

पावसात विजेची गाडी चालवता येते. मोटार आणि बॅटरी पाण्यापासून संरक्षित असतात. पण ‘आयपी ६७’ या मानकाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव, एवढाच आहे. पुराच्या पाण्यातून गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीने पाहिले आहेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढू लागली की नदीकाठच्या वस्त्यांतील विजेच्या गाड्या सर्वांत आधी उंचावर हलवाव्यात. पाण्यात बुडालेली गाडी सुकल्यावरही परस्पर चार्जिंगला लावू नये. अधिकृत तपासणीनंतरच लावावी.

दुरुस्तीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. पेट्रोलची गाडी बंद पडली तर पुढच्या गावचा मिस्त्री ती चालू करून देतो. विजेच्या गाडीचे नियंत्रक यंत्र त्याला उघडता येत नाही. ज्या कंपनीचे सेवा केंद्र आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यात आहे, तिचीच गाडी घ्यावी. पल्ल्यातील दहा किलोमीटरच्या फरकापेक्षा सेवा केंद्राचे अंतर अधिक निर्णायक ठरते.

सरकारी सवलती

केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा पहिला टप्पा २०१५ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. जून २०२१ मध्ये दुचाकीवरील अनुदान प्रति किलोवॉट-तास १५,००० रुपयांपर्यंत गेले. जून २०२३ मध्ये ते १०,००० वर आणि एप्रिल २०२४ मध्ये ५,००० वर आले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत दुसऱ्या वर्षासाठी ते २,५०० रुपये ठेवण्यात आले. अनुदानाचा हा उतरता क्रम पाहता केवळ त्याच्या भरवशावर गणित मांडणे योग्य नाही. विजेच्या वाहनांवर वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे.

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि २०२५ मध्ये नवे धोरण आणले. त्यात मोटार वाहन करातून माफी आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय उभारण्याचे उद्दिष्ट आहे. टोलमाफीची चर्चा दुचाकीस्वारांसाठी गैरलागू ठरते. आनेवाडी, तासवडे येथील नाक्यांवर दुचाकींना टोल पडतच नाही. महामार्गावरील चार्जिंग केंद्र अडीअडचणीला उपयोगी पडेल, पण पाळी गाठायची घाई असलेला कामगार रोज वाटेत तासभर थांबू शकत नाही. त्याची गाडी आठ तास उभी असते ती कारखान्याच्या आवारात.

फाटकाच्या आतला प्रश्न

म्हणूनच या विषयाची गुरुकिल्ली कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे. पंचवीस किलोमीटरचा परतीचा प्रवास म्हणजे सुमारे एक युनिट वीज, दहा-बारा रुपयांची. उपाहारगृहातल्या चहा-नाश्त्याहून तिचा खर्च अधिक नाही. पन्नास कामगारांच्या गाड्या एकाच वेळी ७०० वॉटच्या चार्जरवर लावल्या, तरी एकूण भार पस्तीस किलोवॉटचा. मध्यम आकाराच्या कारखान्याला तो जड नाही. पत्र्याचे छप्पर, मजबूत वायरिंग, प्रत्येक ओळीला स्वतंत्र सुरक्षा स्विच, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे एवढी व्यवस्था पुरते. वीज फुकट द्यावी असेही नाही. मीटर बसवून पगारातून रक्कम कापता येते. जिल्हा परिषदेच्या शाळा, तालुका पंचायत समित्या आणि रुग्णालये यांनाही हे करता येईल. रात्रपाळी संपवून सकाळी एकटीने घरी परतणाऱ्या परिचारिकेला गाडीत पुरेशी वीज आहे, एवढी खात्री हीसुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे.

आज मात्र अनेक ठिकाणी कामगाराने कोपऱ्यातल्या पॉइंटला चार्जर लावला तर तो चोरून लावावा लागतो, आणि सापडला तर ऐकून घ्यावे लागते. धोका खरा आहे म्हणून बंदी घातली जाते. पण सोय केली नाही म्हणून धोका वाढतो, हेही तितकेच खरे.

एकशेपंधरा वर्षांपूर्वी माळरानावर कारखाना काढणाऱ्याने कामगाराची ने-आण हा स्वतःचा प्रश्न मानला आणि घरे बांधली. आज घर गावातच राहणार, कारण तेथे शेती आहे, म्हातारे आई-वडील आहेत, मुलांची शाळा आहे. अंतर मिटवता येत नसेल, तर ते सुसह्य करणे शक्य आहे. विजेची दुचाकी घेण्यापूर्वी त्यामुळे पहिला प्रश्न विक्रेत्याला नव्हे, तर आपल्या व्यवस्थापनाला विचारावा : आवारात गाडी चार्ज करता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंतची नोकरी विजेवर करता येते. ‘नाही’ असेल तर वीस-बावीस किलोमीटरवर थांबावे आणि त्यापुढे एसटी-रेल्वेचा पास काढावा.